उलटवायची राहिलेली कॅसेट

मी एक कॅसेट बोलतेय. गाण्याची नव्हे, व्हिडिओची. आणि व्हिडिओची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी काळी, एकाच बाजूने चालणारी येते ना, तीही मी नव्हे. ती माझी सवत. तिचं नाव पुढे पुष्कळदा निघणार आहे, माझा इलाज नाही.

मला दोन बाजू आहेत. एक संपली की मला बाहेर काढायचं, उलटवायचं, परत आत घालायचं, की दुसरी सुरू. मला याचा फार ताठा होता. सवतीला कितीही उलटवा, तिच्या पाठीवर काही नाही! माझी पाठही भरलेली. पण जगाला पाठ बघायची सवय नसते, हे मला फार उशिरा कळलं.

हॉलंडच्या दक्षिणेला, ब्राबांतात, एका कारखान्याच्या गावात माझा जन्म झाला. गाव कारखान्याचं म्हणजे अगदी कारखान्याचं. घरं त्याने बांधलेली, क्लब त्याचा, बँड त्याचा. संध्याकाळी दिवे लागले तरी आमच्याकडे खिडक्यांचे पडदे कुणी ओढत नाही, त्यामुळे कुणाच्या दिवाणखान्यात कुठल्या शिक्क्याचा टीव्ही आहे, हे रस्त्याने जाणाऱ्या कुत्र्यालाही ठाऊक असायचं. दुसऱ्याचा शिक्का दिसला की त्या घराकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघत. कायदा नव्हता तसा, पण अब्रूचा प्रश्न होता.

नोल त्या कारखान्यात आमच्याच लाइनवर होता, अगदी शेवटच्या जागेवर. कॅसेट मशीनमध्ये घालायची, चित्र आणि आवाज तपासायचा, मग उलटवून दुसरी बाजू तपासायची. दिवसभर हेच. माणूस उंच, हात मोठे, बोलणं जेमतेम. मला पहिल्यांदा उलटवलं ते त्यानेच. नंतर कारखान्याच्या दुकानातून मला आणि माझं मशीन घरी घेऊन गेला तोही तोच. "आपल्याच माणसांनी बनवलंय," असं म्हणून त्याने मला टीव्हीखाली ठेवलं. त्या वाक्याने मी हुरळून गेले. पुढे हेच वाक्य त्याला किती महागात पडलं ते मी बघितलंय.

घरात त्याची बायको रीट आणि मुलगी मारलीस. मारलीस नऊ-दहा वर्षांची, पुढचे दात नुकतेच आलेले. रीट बडबडी. नोल जे बोलायचा नाही ते सगळं तीच बोलून टाकायची.

रीटला एक धाकटा भाऊ होता, बेर्त. तो कारखान्यात नव्हता, पावाची गाडी फिरवायचा. त्यामुळे गावाची अब्रू त्याला लागू नव्हती, निदान त्याला तसं वाटायचं. एक दिवस त्याने सवतीचं मशीन घरी आणलं. जपानी. कारण विचाराल तर सरळ होतं. गावात सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने मिळायच्या त्या दुकानात सवतीची भिंत भरलेली आणि आमचा एक कोपरा, त्यातही अर्धं बागकाम.

"दाजी, तुमचं मशीन चांगलंय हो," बेर्त म्हणायचा, "पण बघायचं काय त्यात? गुलाबाची छाटणी?"

"चित्र बघ आमचं. तुझ्या मशीनमध्ये माणसं पावसात भिजल्यासारखी दिसतात."

"भिजलेली का होईना, माणसं दिसतात. तुमच्याकडे नुसते गुलाब!"

रीट दोघांनाही कॉफी द्यायची, बरोबर एकेक बिस्किट, आणि डब्याचं झाकण लावून टाकायची. तोवर सगळं हसण्यावारी होतं.

लग्नाला साडेबारा वर्षं झाली की आमच्याकडे तांब्याचं लग्न साजरं करतात. पंचवीस वर्षांनी चांदीचं करायचंच असतं, पण तोवर धीर कुणाला धरवतो? शेजाऱ्यांनी नोलच्या दाराला फांद्यांची कमान बांधली आणि तिच्यात तांबूस कागदाची फुलं खोवली. क्लबच्या हॉलमध्ये माणसं जमली. लाइनवरचे सगळे आले, सुपरवायझर आला, बँड आला. क्लबकडे एक कॅमेरा होता, तो नोलने मागून आणला आणि त्यात मला घातलं. त्या दिवशी मी नुसती कॅसेट राहिले नाही, घरची आठवण झाले.

अशा समारंभात एक रीत असते. जवळच्या माणसांनी ओळखीच्या चालीवर नवी कडवी रचायची आणि नवराबायकोची यथेच्छ टिंगल करायची. जितकं जवळचं माणूस तितकी टिंगल जास्त, आणि रागवायचं नाही. बेर्त खुर्चीवर चढला.

"दाजींची कॅसेट न्यारी बाई,
एका अंगाने भागत नाही,
उलटा तिला, पालटा तिला,
पॅनकेकवानी परता तिला!

गावात सिनेमे गाडाभर,
दाजींच्या कपाटात गुलाबच फार,
आम्ही आणलं जपानी बरं,
सांगा सायबांना, हेच खरं!"

हॉल हसून कोसळला. सर्वांत मोठ्याने हसला तो सुपरवायझर. नोलला बेर्तचं गाणं एक वेळ पचलं असतं, पण ते हसू पचलं नाही. ज्या वस्तूसाठी तो दिवसभर उभा राहायचा, तिला तिचाच साहेब हसत होता. कॅमेरा त्याने खाली झुकवला, तिथे माझ्या फितीवर अजून नुसते लोकांचे बूट आहेत. मग त्याने कॅमेरा बंद केला, रीतभात सोडून बेर्तसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या घरी पाय ठेवू नकोस."

लोकांना वाटलं, गंमतच करतोय.

माझी पहिली बाजू त्या समारंभाने भरली. रीट तिच्यात खूपदा दिसते, कॉफीचा ट्रे घेऊन फिरताना, कुणाच्या तरी गालाला गाल लावताना, हसताना. पण बँड इतका दणदणीत वाजत होता की तिचं एकही वाक्य ऐकू येत नाही. नुसते ओठ हलतात.

दुसऱ्या दिवशी रविवार. नोलने सवयीने मला उलटवलं आणि स्वयंपाकघरात कॅमेरा लावला. मारलीस झोपली होती. रीट ओट्याशी कप विसळत होती, आणि विसळता विसळता ती बोलली. बराच वेळ बोलली. मागे ना बँड ना गर्दी, नळाचा आवाज तेवढा. मारलीससाठी बोलली, नोलशी बोलली. काय बोलली ते ओघात येईलच. ते शब्द माझ्या दुसऱ्या बाजूवर राहिले आणि नोलने त्या बाजूला लेबल चिकटवलं: "रीट, स्वयंपाकघर."

त्यानंतर बेर्तची पावाची गाडी गल्लीत आली की नोल उठून पडदा ओढायचा. अख्ख्या गल्लीत भरदिवसा पडदा ओढलेलं ते एकच घर. रीट तो उघडायची, तो परत ओढायचा.

त्याच हिवाळ्यात रीट गेली. बाजारातून आली, सायकल भिंतीला टेकवली, डोकं फार दुखतंय म्हणून पायरीवर बसली, ती उठलीच नाही. दफनाच्या वेळी बेर्त सगळ्यांच्या मागे उभा होता. नोलने तिकडे पाहिलं नाही.

आणि मग वसंतात आमचा केसाने गळा कापला गेला. सकाळची वेळ होती. नोल मारलीसच्या पावावर लोणी लावून चॉकलेटचे दाणे भुरभुरवत होता. रेडिओवर बातमी लागली की आमच्या जातीचं मशीन आणि कॅसेट बनवणं कारखाना बंद करणार, आणि यापुढे सवतीच्या जातीचं काढणार. एवढंच. पुढे हवामान सांगितलं. नोलच्या हातातल्या पुडीतून दाणे तसेच पडत राहिले.

"बाबा, पुरे!" मारलीस म्हणाली. "डोंगर झाला."

त्याला साहेबाने बोलावून सांगितलं नाही, लाइनवर कुणी सांगितलं नाही. रेडिओने सांगितलं. पुढे तो त्याच जागेवर उभा राहून सवतीला तपासायला लागला. घाल, बघ, काढ. उलटवायचं काही उरलंच नव्हतं. मला आईने टाकलं, असं मी म्हटलं तर चुकेल का? ज्यांनी घडवलं त्यांनीच नाव टाकलं. शत्रूने मारलं असतं तर निदान मान ताठ राहिली असती.

त्या दिवसांत नोलने माझी दुसरी बाजू एकदा लावली. एकदाच. रीट बोलत होती, तो ऐकत होता. एका जागी आल्यावर तो ताडकन उठला, मला बाहेर काढलं आणि चाकूच्या टोकाने त्या बाजूचं लेबल खरवडून काढलं. आठवडा उलटायच्या आत मोठा कचरा न्यायचा दिवस आला. त्या दिवशी लोक जुनी कपाटं, गाद्या, खुर्च्या दाराबाहेर फुटपाथवर मांडतात. नोलने धडधाकट मशीन उचलून त्या ढिगावर ठेवलं.

"मोडलं का हो ते?" मारलीसने विचारलं.

"मोडलं."

मोडलं नव्हतं. त्याच्या हातात मी होते, मला माहीत होतं. पण मला तोंड कुठलं? माझं तोंड ते मशीन, आणि ते फुटपाथवर.

मला मात्र त्याने फेकलं नाही. कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलं. तिथे मी वर्षानुवर्षं पडून होते आणि मला सोबत येत गेली. कारण नोल सुधारला नाही! कारखान्याने ताटाएवढी चित्रांची तबकडी काढली, नोलने घेतली. ती मेली. मग गाण्यांची नवी छोटी कॅसेट काढली, फार आवाज स्वच्छ म्हणून, नोलने घेतली. तीही मेली. दर वेळी तेच वाक्य, "आपल्याच माणसांनी बनवलंय." एकेक जण उड्या मारत फळीवर यायचा आणि मला म्हणायचा, "आजीबाई, सरका, मी थोड्याच दिवसांसाठी आलोय." मी सरकायचे.

मारलीस मोठी झाली, उट्रेख्तला राहायला गेली. रविवारी यायची. आईचे फोटो तिच्याकडे भरपूर होते, पण दर वेळी ती एकच विचारायची.

"बाबा, आईचा आवाज कसा होता हो? मला चेहरा आठवतो. आवाज आठवतच नाही."

"चांगला होता."

"म्हणजे कसा? जाड? बारीक? माझ्यासारखा?"

"चांगला होता म्हटलं ना."

फळीवर मी होते, दाराआड. आवाज माझ्या पोटात होता. इतक्या जवळ असून उपयोग शून्य, या जाचाला काय नाव द्यायचं ते मला माहीत नाही.

नोल थकला, वृद्धाश्रमात गेला, घर आवरायला मारलीस आली. मी तिच्या हाती लागले. एका बाजूचं लेबल वाचून ती तिथेच फरशीवर बसली. "तांब्याचं लग्न!" म्हणाली आणि मला छातीशी धरलं. मला वाटलं, सुटले एकदाची.

जुन्या कॅसेटी नव्या तबकडीवर उतरवून देणारी दुकानं निघाली होती. ती मला दोन दुकानांत घेऊन गेली. एकाने मला सवतीच्या मशीनमध्ये कोंबायचा प्रयत्न केला, मी आत शिरेना, तर म्हणाला, "बाई, ही कसली जात? टाकून द्या." दुसऱ्याने डोकं खाजवलं, पण कुठून तरी आमच्या जातीचं मशीन पैदा केलं. भला माणूस होता. त्याने मला आत घातलं, शेवटपर्यंत चालवलं, उतरवून घेतलं, बाहेर काढलं आणि डब्यात ठेवलं.

उलटवलं नाही. त्याच्या हातून उभ्या आयुष्यात हजारो सवती गेलेल्या. पाठ बघायची असते हे त्याला सुचणार कसं? लेबल असतं तर निदान विचारलं असतं. पण लेबल चाकूने गेलेलं. अहो, उलटवा! उलटवा! मी आतल्या आत ओरडत होते. डब्याचं झाकण बंद झालं.

मारलीसने ती चकचकीत तबकडी वृद्धाश्रमात नेली. मी तिच्या पिशवीत होते. बापलेक शेजारी शेजारी बसून बघत होते. कमान, कागदाची फुलं, ट्रे घेतलेली रीट. बेर्तचं गाणं आलं तेव्हा मारलीस खो खो हसली.

"हे मामा ना? पॅनकेकवानी परता तिला! भारीच की!"

नोल हसला नाही. तबकडी संपली. मारलीस बापाकडे वळली.

"बाबा, एवढंच? आई बोलतेय असं कुठेच नाही?"

या जगात दुसरी बाजू माहीत असलेला तो एकच माणूस. ज्याने माझ्यासारख्या लाखो उलटवल्या, तो. त्याला फक्त दोन शब्द बोलायचे होते.

"नाही," नोल म्हणाला. "कुठेच नाही."

कारखान्याने मला सोडलं तेव्हा मी रडले होते. त्या दिवशी रडूही आलं नाही.

पुढच्या शिशिरात नोल वारला. दफनानंतर सगळे क्लबच्या जुन्या हॉलमध्ये बसले. कॉफी, मऊ पाव, हॅम, चीज, नेहमीचंच. दाराशी एक पांढऱ्या केसांचा, वाकलेला माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. आत यावं की नाही, अशा विचारात. मारलीसने ओळखलं आणि जाऊन त्याचा हात धरला.

"या ना मामा. बाहेर का?"

"तुझ्या बापाने सांगितलं होतं, पाय ठेवू नकोस."

"ते घराबद्दल. हा क्लब आहे. बसा."

बसले. बोलता बोलता तबकडीचं निघालं. मारलीस म्हणाली, "तुमचं गाणं स्पष्ट आहे, मामा, शब्दन् शब्द. आईचा मात्र आवाज नाही. एक वाक्यसुद्धा नाही."

बेर्तने पाव खाली ठेवला. "आणि मागच्या बाजूला?"

"मागची बाजू?"

"अगं, उलटवलीस का ती? सबंध गाणं रचलं मी त्याच्यावर! पॅनकेकवानी! ते काय उगीच?"

आईची आठवण म्हणून मारलीस मला पिशवीतच बाळगायची, तिथून तिने मला काढलं. फिरवलं. लेबल खरवडल्याच्या रेघांवरून तिचं बोट हळूहळू गेलं.

ज्याने मला भर हॉलमध्ये चिडवलं, सवतीला घरात घेतलं, त्यालाच माझी पाठ आठवली. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, आणि तितकंच बरंही वाटतं.

"मशीन कुठून आणायचं आता?" मारलीस म्हणाली. "तो दुकानदारही गेला धंदा बंद करून."

"माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे? तुम्ही तर जपानी—"

"तुमचंच. तुझ्या बापाने रस्त्यावर ठेवलं होतं ना, मोठ्या कचऱ्याला. सकाळी पाव टाकत चाललो होतो. ताईच्या घरातली वस्तू अशी गादीशेजारी पडलेली बघवेना. उचललं, गाडीत घातलं. कधी लावलं नाही. लावायला होतं काय माझ्याकडे?"

मशीनच्या आतले रबरी पट्टे विरघळून डांबर झाले होते. नोलच्या लाइनवरचा एक म्हातारा अजून हयात होता, त्याने ते बदलून दिले. मग एका दुपारी बेर्तच्या दिवाणखान्यात, उघड्या पडद्याच्या खिडकीशी, मारलीसने आवाज टिपायला फोन चालू करून ठेवला आणि स्वतःच्या हाताने मला आत घातलं. दुसरी बाजू वर.

चित्र आलं ते फाटकं, बर्फ पडल्यासारखे नुसते पांढरे ठिपके. फीत म्हातारी झाली होती, किती सावरणार? पण नळाचा आवाज आला. कप वाजले. आणि मग रीट.

"मारलीस, ऊठ म्हटलं तर उठत नाहीस, म्हणून यातूनच बोलते. मोठी झालीस की बघशील. तुझं तांब्याचं लग्न होईल ना, त्या दिवशी गाणं मी रचणार. तुझ्या नवऱ्याची अशी जिरवीन की बघच!"

मारलीसने तोंडावर हात धरला. "माझ्यासारखाच आहे," एवढंच ती म्हणाली. "मामा, माझ्यासारखाच."

"तूच बोलतेयस असं वाटलं मला," बेर्त म्हणाला.

पण रीटचं संपलं नव्हतं.

"नोल, चालू आहे का ते? मग ऐक. बेर्तला फोन कर."

"करत नाही." हा नोलचा आवाज, कॅमेऱ्याच्या मागून. तरुण. "सुपरवायझरसमोर माझी लाज काढली त्याने."

"सुपरवायझर काय तुला जेवू घालणार आहे? एका खोक्यापायी माझा भाऊ तोडायचा? कर म्हणते ना."

नळ बंद झाला. मग नोल. "बरं. उद्या करतो."

इथेच. याच जागी त्याने मला ओढून बाहेर काढलं होतं. पुढचं त्याने त्या दिवशी ऐकलंच नाही.

"उद्या म्हणजे उद्या हं, नोल," रीट हसत म्हणाली. "यात राहिलंय आता. नाही केलास तर ही कॅसेट लावून दाखवीन सगळ्यांना."

आणि फीत तुटली. टप्प असा आवाज झाला आणि मी थांबले.

मारलीस म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग होता, "मी विचारलं होतं त्यांना. तोंडावर विचारलं. 'कुठेच नाही' म्हणाले."

"फोन माझ्याकडेही होता, पोरी," बेर्त म्हणाला. "मी तरी कुठे केला?" मग तो उठला आणि काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला, "लावून दाखवलीस गं, ताई."

मी आता बेर्तच्या त्याच मशीनच्या पोटात आहे. काढायला गेलं तर उरलीसुरली फीतही चुरगळेल, म्हणून कुणी काढत नाही. रीटचा आवाज मारलीसने त्या दुपारी फोनमध्ये धरून ठेवलाय. रविवारी ती बेर्तकडे येते, दोघं कॉफीबरोबर एकेक बिस्किट खातात आणि तो आवाज परत परत लावतात. माझी गरज संपली. तो फोनही एक दिवस असाच फळीवर येईल, हे मी तिला सांगू शकत नाही.

मला कारखान्याने टाकलं, ते मी सोसलं. कारखान्याला कुठे काळीज असतं? पण नोल, तुझ्या हाताला उलटवायची सवय होती रे. दिवसभर तेच करायचास. एकदा, फक्त तुझ्या पोरीसाठी, उलटवलं असतंस तर?

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. घर आवरताना माझ्यासारखी कुणी हाती लागली, तर "काय जुनाट" म्हणून टाकायच्या आधी जरा फिरवून बघा. मागच्या बाजूला कुणीतरी तुमच्या उठण्याची वाट बघत बोलत असेल.